सूत्रधार एकटाच बोलतो : प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांतल्या उदाहरणांविषयी

पाठ्यपुस्तकातलं उदाहरण हा एक साहित्यप्रकार आहे. त्यात पात्रं असतात, छोटासा प्रसंग असतो, लांबी ठरलेली असते आणि शेवटही ठरलेला असतो. त्याला वाचकही असा मिळतो की कवीला हेवा वाटावा. तो उदाहरण पाठ करतो, वहीत उतरवतो, परीक्षेत पुन्हा लिहितो आणि पुढची वीस वर्षं नकळत त्याच साच्यात विचार करतो. एवढं असूनही या प्रकाराची समीक्षा कोणी करत नाही. पुस्तक 'सोपं' आहे की 'अवघड', एवढ्यावर चर्चा संपते.

या लेखात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या पुस्तकांतली उदाहरणं वाचायची आहेत, तीही एकाच प्रश्नाच्या अंगाने. एका क्लासमधून दुसऱ्या क्लासची मेथड कशी बोलवायची, याबद्दल ती काय शिकवतात? मुंबई विद्यापीठाची अभियांत्रिकी असो की तंत्रशिक्षण मंडळाची पदविका, सी प्लस प्लस किंवा जावा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. बहुतेकांना तो पुस्तक मिटल्यावर पडतो, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी चार शब्द. ठाण्यात 'क्लास' म्हटलं की शिकवणी आठवते. इथे क्लास म्हणजे साचा. त्या साच्यातून घडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. 'चालक' हा क्लास, आणि आत्ता या गाडीच्या सुकाणूवर बसलेला माणूस हा ऑब्जेक्ट. मेथड म्हणजे त्या ऑब्जेक्टला येणारं काम. मोठ्या प्रोग्रॅममध्ये असे शेकडो क्लास असतात, आणि एकाने दुसऱ्याला काम सांगितल्याशिवाय त्यांतलं काहीच हलत नाही. त्यामुळे हे एकमेकांशी बोलणं पुस्तकाच्या परिशिष्टात टाकण्याजोगं नाही. सगळा विषय तेवढ्यासाठीच आहे.

'आयटम' नावाची वस्तू

भारतात या विषयावर सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत ई. बालगुरुसामी यांचं सी प्लस प्लसवरचं पुस्तक येतं. त्यातलं क्लासचं पहिलं महत्त्वाचं उदाहरण आहे 'आयटम'. या वस्तूला एक क्रमांक आहे, एक किंमत आहे आणि दोन कामं येतात : 'गेटडेटा' आणि 'पुटडेटा'. पहिलं काम क्रमांक आणि किंमत घेऊन आत ठेवतं, दुसरं ती पडद्यावर छापतं. मेन नावाचं फंक्शन आयटम घडवतं, त्याला आकडे देतं आणि छापायला सांगतं. गोष्ट संपली.

या उदाहरणाचे गुण आधी मान्य करायला हवेत. ते पानभरात मावतं. त्यात एकही ओळ फालतू नाही. आतली माहिती बाहेरच्याला थेट दिसत नाही, ही कल्पना ते चोख दाखवतं. शिकवणाऱ्याला फळ्यावर लिहिता येतं आणि शिकणाऱ्याला घरी चालवून बघता येतं. पुस्तक इतकी वर्षं टिकलं ते उगाच नाही.

पण समीक्षकाच्या नजरेने बघितलं तर दोन गोष्टी खटकतात. पहिली नावाची. 'गेटडेटा' म्हणजे माहिती घे. कोणी घ्यायची? आयटमने. पण ही ओळ लिहिणारा मेन तर माहिती देतो आहे. हाक मारणाऱ्याच्या बाजूने वाचलं तर नाव उलटं आहे, कामगाराच्या बाजूने वाचलं तर बरोबर. हाच विद्यार्थी पुढच्या सत्रात जावाकडे जातो तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे 'गेट'ने सुरू होणारी मेथड माहिती काढून देते. तोच शब्द, दिशा उलटी. कुठलं वाक्य कोणाच्या तोंडी आहे हे लेखकाने ठरवलं नाही की वाचकाचा गोंधळ होतो. कथेत तसं झालं तर संपादक हस्तलिखित परत पाठवतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या गोष्टीत आयटम एकटा आहे. तो कोणाला काही सांगत नाही, कोणाला काही विचारत नाही. बोलतो फक्त मेन. आणि हे एका पुस्तकापुरतं नाही. विद्यार्थी, कर्मचारी, बँक खातं, वर्तुळ, आयत, भुंकणारा कुत्रा ही या साहित्यप्रकाराची ठरलेली पात्रं. ती घडवली जातात, त्यांत आकडे भरले जातात, ती स्वतःला छापतात. कर्मचारी खात्याशी बोलत नाही, विद्यार्थी परीक्षेशी बोलत नाही. सगळ्यांच्या वतीने मेन बोलतो.

मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटायला हरकत नाही. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणत असे. पात्रं त्याबरहुकूम हावभाव करत आणि पदानंतर पदरचं थोडं बोलत. 1880 मध्ये किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पात्रं आपली पदं आपण गाऊ लागली. मराठी रंगभूमीने हे अंतर सदतीस वर्षांत कापलं. आपली प्रोग्रॅमिंगची पुस्तकं अजून सूत्रधारापाशीच आहेत.

मुळात कल्पना काय होती

हे चमत्कारिक आहे, कारण या पद्धतीचा जन्मच पात्रांच्या गर्दीतून झाला. ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची नक्कल संगणकावर करायची होती. त्यातून 'सिम्युला 67' ही भाषा आली आणि तिच्याबरोबर क्लास ही कल्पना. एकाच साच्यातली अनेक गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत, प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाचं काम वेगळं. हे लिहिता यावं म्हणून क्लास.

पुढे 1970च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' घडवली. केंच्या डोळ्यांपुढे शरीरातल्या पेशी होत्या आणि जाळ्याने जोडलेले संगणक होते : प्रत्येक जण आपल्या आवरणात स्वतंत्र, आणि संबंध फक्त निरोपाचा. स्मॉलटॉकमध्ये तिनात चार मिळवायचे म्हणजे तिनाला 'चार मिळव' असा निरोप पाठवायचा. तिथे मेथड 'बोलवत' नाहीत, निरोप 'पाठवतात'. कुठली मेथड चालवायची हे निरोप घेणारा ठरवतो. 1998 साली लिहिलेल्या एका पत्रात केंनी खंत व्यक्त केली की आपण 'ऑब्जेक्ट' हा शब्द रूढ केला आणि लोकांचं लक्ष वस्तूंवर खिळलं; मोठी कल्पना निरोपाची होती.

आपल्याकडे विषय आला तो दुसऱ्या वाटेने. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 पासून बेल प्रयोगशाळेत सी भाषेला सिम्युलाचे क्लास जोडले. त्यातून सी प्लस प्लस झाली. तिथे निरोप नव्हता, 'मेंबर फंक्शन' होतं. ज्यांना सी येत होती त्यांना वाटलं, ही तर आपलीच फंक्शनं, आता डब्यात भरलेली. आपली पुस्तकंही याच क्रमाने लिहिली गेली : आधी सी, मग डबे. डबा नीट बंद कसा करायचा हे त्यांनी उत्तम शिकवलं. एका डब्यातून दुसऱ्या डब्याला हाक कशी मारायची, हे राहून गेलं.

खोपटचं उदाहरण

मग चांगलं उदाहरण कसं असावं? दूर जायची गरज नाही. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी स्थानकात अर्धा तास उभं राहावं.

प्रवासी चढले, दार लागलं, वाहकाने दोरी ओढून दोनदा घंटी दिली. डबल बेल. गाडी निघाली. पुढे एकदा घंटी वाजली, गाडी थांबली. एका ऑब्जेक्टने दुसऱ्याची मेथड बोलवली ती अशी. वाहकाला क्लच-गिअरशी देणंघेणं नाही. चालकाला तिकिटाशी नाही. दोघांत ठरलेलं आहे ते एवढंच : दोन घंट्या म्हणजे सोड, एक म्हणजे थांब. उद्या डिझेलऐवजी बॅटरीवरची गाडी आली, गिअर टाकणंच राहिलं नाही, तरी वाहकाची डबल बेल तीच. पुस्तकं ज्याला 'पॉलिमॉर्फिझम' म्हणतात आणि कुत्रा-मांजर यांच्या आवाजांवर दोन पानं खर्च करतात, ते इथे एका दोरीत आहे.

आता विद्यार्थ्याला हे लिहायला सांगा. वाहक क्लासमध्ये डबल बेलची मेथड लिहायची आहे आणि तिच्यातून चालकाचं 'गाडीसोड' बोलवायचं आहे. सूत्रधारी उदाहरणांवर वाढलेला विद्यार्थी बहुधा असं लिहितो :

चालक चा = न्यू चालक();
चा.गाडीसोड();

मेनमध्ये नेहमी असंच असतं ना : आधी न्यू, मग टिंब. जावा याला हरकत घेत नाही. पण झालं काय? वाहकाने घंटी वाजवताना तिथल्या तिथे एक नवा चालक घडवला. त्या चालकाकडे गाडी नाही. तो निमूटपणे काहीतरी सोडतो, किंवा गाडीच नाही म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. खरा चालक सुकाणूवर हात ठेवून वाट बघतो आहे. त्याला कोणी हाकच मारली नाही.

दुसरा विद्यार्थी न्यू टाळतो आणि थेट 'चालक.गाडीसोड()' लिहितो. म्हणजे साच्यालाच हुकूम. जावाचा कंपायलर अडवतो आणि सांगतो की ही मेथड स्टॅटिक नाही, ती अशी बोलवता येणार नाही. मग विद्यार्थी मेथडला स्टॅटिक करतो, तिच्या पोटातली गाडी आणि वेगही स्टॅटिक करतो. चूक नाहीशी होते. आता अर्थ असा झाला की साऱ्या महामंडळात चालक एकच आणि गाडीही एकच. खोपटला डबल बेल दिली की तीच ती एक गाडी सुटणार.

या दोन चुका व्याकरणाच्या नाहीत, समजुतीच्या आहेत. न्यू, टिंब, कंस सगळं त्यांना येतं. येत नाही ते एवढंच : हा चालक मला ठाऊक कसा झाला? एसटीत त्याचं उत्तर साधं आहे. वाहक चालकाला घडवत नाही, शोधतही नाही. आगार ड्युटी लावतं तेव्हा जोडी लावून देतं. प्रोग्रॅममध्येही तेच करायचं. वाहक घडवतानाच त्याच्या हाती चालक द्यायचा, 'न्यू वाहक(चालक)' असा. वाहकाने तो जपून ठेवायचा आणि घंटीच्या वेळी त्यालाच हाक मारायची. हे काम करणारं आगार म्हणजे मेन. नाटकात सूत्रधाराचं योग्य काम एवढंच : पात्रांची गाठ घालून द्यायची आणि विंगेत जायचं.

टिंबाची विभक्ती

इथे एक भाषिक मुद्दा आहे. शाळेत आपण आठ विभक्त्या पाठ केल्या. सहावी षष्ठी : चा, ची, चे. शेवटची संबोधन : नो. प्रोग्रॅममधलं टिंब या दोन्हींचं काम एकट्याने करतं. 'प्रवासी.नाव' म्हणजे प्रवाशाचं नाव. ही षष्ठी, मालकी सांगणारी. 'चालक.थांब()' म्हणजे चालकदादा, थांबा; हे संबोधन, पुढे आज्ञार्थ. चिन्ह एक, अर्थ दोन. स्मॉलटॉकमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे दुसऱ्याच्या पोटातली माहिती बाहेरून वाचताच येत नाही. निरोप तेवढा पाठवता येतो. म्हणजे ती भाषा पुरती संबोधनाची.

आपली पुस्तकं टिंब षष्ठीत वाचायला शिकवतात. आयटमची किंमत, कर्मचाऱ्याचा पगार, वर्तुळाची त्रिज्या. मग विद्यार्थी सगळा प्रोग्रॅम षष्ठीत लिहितो : 'गाडी.चालक.पाय.ब्रेक.दाब()'. गाडीच्या चालकाच्या पायाखालचा ब्रेक दाब. मराठीत हे वाक्य वाचताना जीभच सांगते की काहीतरी बिनसलं आहे. मामाच्या मेव्हण्याच्या साडूच्या ओळखीने काम करून घेण्यासारखं ते आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात 1987 साली यासाठी नियम मांडला गेला, त्याला 'लॉ ऑफ डिमीटर' म्हणतात. सांगणं साधं : फक्त जवळच्याशी बोला, त्याच्या ओळखीच्यांच्या ओळखीच्यांशी नको. मराठीत शिकवायचा तर नियम आणखी सोपा करता येईल. ओळ वाचून बघा. दोन 'च्या' लागोपाठ आले की थांबा.

षष्ठी-संबोधनाचा फरक परीक्षेपुरता नाही. षष्ठीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाला दुसऱ्याच्या पोटातलं माहीत असतं. उद्या ब्रेकची रचना बदलली तर वाहकाचा क्लास दुरुस्त करावा लागतो. तिकिटाचं यंत्र बदललं तर चालकाचा. नोकरीला लागलेल्या मुलाला पहिल्या वर्षी नवीन काही लिहायला क्वचित मिळतं. त्याला मिळतो दुसऱ्यांनी लिहिलेला असा गुंता. एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चार खांबांच्या व्याख्या त्याला तोंडपाठ असतात. पण कोणी कोणाला हाक मारली, याचा माग काढायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मग तो स्वतःला दोष देतो. दोषाचा मोठा वाटा उदाहरणांचा आहे.

दृष्टान्ताची मर्यादा

एसटीचा दृष्टान्तही तपासून घ्यायला हवा, नाहीतर कुत्र्याच्या जागी बस आणल्याचंच श्रेय मिळेल. घंटी वाजवून वाहक थांबत नाही. तो पुढच्या प्रवाशाला तिकीट फाडतो. जावातली साधी मेथड तशी नाही. हाक मारणारा तिथेच खोळंबतो, काम संपल्यावर पुढच्या ओळीवर जातो. त्यासाठी स्थानकातला दुसरा प्रसंग जास्त जुळतो : वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीवर गाडीची नोंद करणं. कागद आत द्यायचे, उभं राहायचं, सही होऊन आले की निघायचं. आत दिलेला कागद म्हणजे आर्ग्युमेंट, सही होऊन आलेला म्हणजे परत मिळालेलं मूल्य, आणि मधलं उभं राहणं हा मेथड बोलवण्याचा खरा अनुभव. तिसरा प्रसंग ध्वनिक्षेपकाचा. गाडी अमुक फलाटावर लागली आहे, हे नियंत्रक कोणा एकाला सांगत नाही. ज्याला गरज आहे तो ऐकतो. प्रोग्रॅममध्ये ही तिसरी रीत वेगळी शिकावी लागते.

एकाच स्थानकात बोलण्याच्या तीन तऱ्हा सापडतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतात. उदाहरणाची कसोटी हीच असावी. दृष्टान्त कुठे जुळतो याइतकंच तो कुठे तुटतो हेही त्याने दाखवलं पाहिजे. कुत्र्याचं भुंकणं कुठेच तुटत नाही, कारण ते काही सांगतच नाही.

बचाव आणि उत्तर

पुस्तकांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. लेखकाला अभ्यासक्रम ठरवून दिलेला असतो. प्रश्न पाच गुणांचा, उत्तर पानभराचं. एका वेळी एकच कल्पना शिकवावी हेही खरं. दोन क्लास आणले की विद्यार्थी घाबरतो, असं अनेक शिक्षक मनापासून सांगतात.

पण वाहक-चालकाचं उदाहरण आयटमपेक्षा फार लांब होत नाही. चालकाला दोन मेथड, वाहकाला एक घडवण्याची आणि दोन घंटीच्या, मेनमध्ये तीन-चार ओळी. आणि एका वेळी एकच कल्पना हवी, तर आधी कुठली, हा प्रश्न उरतोच. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 साली शिकवण्याची एक रीत मांडली. तिला संगणकही लागत नाही. प्रत्येक क्लाससाठी एक कार्ड. वर नाव, डावीकडे त्याची जबाबदारी, उजवीकडे त्याचे सहकारी. मुलांनी कार्डं हातात धरून प्रसंग चालवायचा. आपल्या पुस्तकांतल्या पात्रांची अशी कार्डं केली तर नाव भरता येईल, जबाबदारी ओढूनताणून भरता येईल. सहकाऱ्यांचा रकाना कोरा राहील. समीक्षेचा निकष म्हणून हा कोरा रकाना मला पुरेसा वाटतो.

आजच हे बोलायचं कारणही आहे. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचं शिक्षण मराठीसह आठ भारतीय भाषांत द्यायला परवानगी दिली. म्हणजे या विषयाची मराठी पुस्तकं येणार, काही आलीही. त्यांच्याबद्दलचा वाद बहुतेक वेळा परिभाषेपाशी अडतो : क्लासला 'वर्ग' म्हणावं की क्लासच, ऑब्जेक्टला 'वस्तू' की 'पदार्थ'. तो वाद करावा, पण आयटमचं 'वस्तू' आणि गेटडेटाचं 'माहितीघ्या' केल्याने जुनं मौन मराठीत येईल, एवढंच. जावा तर नावं देवनागरीत लिहू देते. 'इफ', 'क्लास' यांसारखे तिचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतात. तेव्हा अडचण लिपीची नाही.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती इंग्रजी लेखकाकडे नसलेलं एक हत्यार आहे. संबोधनाचा वेगळा प्रत्यय आणि षष्ठीचा वेगळा प्रत्यय आपल्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. पहिल्याच धड्यात दोन पात्रं आणावीत, एकाने दुसऱ्याला हाक मारावी, आणि खाली प्रश्न असावा : या वाहकाला हा चालक कोणी दिला? ज्याला त्याचं उत्तर आलं त्याला पुढचं पुस्तक अवघड जाणार नाही.